लय, थोडी, बिलकुल नाही

सर्व्हेवाली बाई येणार हे मोहटोल्यात कळलं, त्या दिवशी जियालाल रहांगडाले यांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा पांढरा बुशकोट चढवला आणि ओसरीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडून घेतल्या. एक बाईसाठी, एक स्वतःसाठी. दोन हजार सातचा हिवाळा होता. धान घरात आलेलं, राइस मिल जोरात चाललेली. पण त्या दिवशी जियालालभाऊंनी मिल बकाराम या गड्यावर सोडली. जग आपलं मत विचारायला येत असताना मिलमध्ये कोण बसतो?

सरपंचानं निरोपच तसा दिला होता. नागपूरची एक कंपनी सर्व्हे करते आहे, तोच सर्व्हे चाळीसेक देशांत एकाच वेळी चालू आहे, आणि त्यात आपलं गाव निघालं आहे. निघालं म्हणजे चिठ्ठी टाकून निघालं. गावातल्या अर्ध्या लोकांना ही लॉटरी वाटली. उरलेल्यांना काय वाटलं ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं, पण शेजारच्या दवनीवाड्याचं नाव न येता मोहटोल्याचं आलं, एवढ्यावरच ते खूश होते.

जियालालभाऊंची मतं तयारच होती. पेट्रोलवर, अमेरिकेवर, क्रिकेटच्या टीमवर, पोरांच्या मोबाइलवर. चहाच्या टपरीवर ती रोज फुकटात वाटली जायची. आज ती लिहून घेतली जाणार होती.

त्यांची बायको कुंता आत भाकरी थापत होती. कुंताला कोणी कधी मत विचारलं नव्हतं आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. तिला हसू मात्र फार यायचं. एकदा सुटलं की थांबायचं नाही. लग्नात सप्तपदीच्या वेळी भटजीच्या शेंडीला माशी बसली म्हणून ती जी हसायला लागली, ती पाचव्या पावलापर्यंत हसत होती. सासूनं ती गोष्ट मरेपर्यंत सांगितली.

सर्व्हेवाली आली. रुचि नाव, पंचविशीची, खांद्याला पिशवी, पायांत बूट, बुटांवर रस्त्याची धूळ. चहा घेतला, खुर्चीत बसली, आणि पहिलाच प्रश्न विचारला तो जियालालभाऊंच्या तयारीत नव्हता.

"घरात अठरा वर्षांवरचे किती जण राहतात?"

"मी अन् ही. पोरगा टिकेश नागपूरले होस्टेलात हाय."

"तुमच्या दोघांपैकी कोणाचा वाढदिवस अलीकडे होऊन गेला?"

"कायले?"

"ज्यांचा अलीकडे झाला असेल, त्यांनाच प्रश्न विचारायचे. असा नियम आहे."

जियालालभाऊंना नियमाचं वावडं नव्हतं. "एक जुलै," ते म्हणाले. त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जुलै होता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच तारीख लावली होती.

"आणि ताईंचा?"

कुंता दारात आली, हाताला पीठ. "माह्या? तारीख नाही ठाव. मारबतीच्या दिवशीचा हाय. पोळ्याचा दुसरा दिवस."

रुचिनं मनातल्या मनात हिशेब केला. पोळा श्रावण संपताना, म्हणजे जुलैच्या नंतर. "मग ताईंचाच नंबर लागतो."

बाजूच्या मिलचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

"आता सांगतो," जियालालभाऊ खुर्चीत पुढे सरकले. "एक जुलै गुरुजीनं टाकली होती. खरं तं मी दिवाळीतला हाओ."

"तुमच्या मायनं तं मले आखाड सांगतला होता," कुंता म्हणाली. "पाऊस पडून राहिला होता म्हणे, अन् सुईण नाल्याच्या तिकडं अडकली होती."

"बरं, बरं. हिले विचारा. पण हिचं अन् माह्यं मत एकच हाय. मी सांगतो, तुमी लिहा. टाइम वाचल."

"नाही साहेब. ताई एकट्या पाहिजेत. दुसऱ्या कोणी समोर बसायचं नाही."

आणि अशा रीतीनं जियालाल रहांगडाले, जियालाल राइस मिलचे मालक, स्वतःच्या ओसरीतून, स्वतः मांडलेल्या खुर्चीवरून उठून अंगणाबाहेर गेले. कुंता त्यांच्या खुर्चीत बसली. ती त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. बसल्या बसल्या तिला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"जगाचं तापमान वाढत चाललं आहे," रुचिनं वाचलं. "याची तुम्हाला किती काळजी वाटते? खूप, थोडी, फारशी नाही, की अजिबात नाही?"

"जगाचं म्हणजे कुठलोक? नागपूरलोक का त्याच्याही पुढं?"

"मला समजावून सांगता येत नाही, ताई. फक्त परत वाचता येतं."

"मंग वाच."

रुचिनं परत वाचलं. कुंतानं विचार केला. असा विचार तिनं याआधी फक्त टिकेशला कॉलेजात घालताना केला होता. "लय," ती म्हणाली. "ऊन पाहून राहिली ना तू? पुसाचा महिना हाय अन् मी स्वेटर पेटीतून काढला नाही अजून. लय लिह."

पुढचा प्रश्न नद्या-तलावांच्या पाण्याचा. पुढचा गरीब-श्रीमंतांतल्या अंतराचा. पुढचा दूरदूरच्या देशांतून पसरणाऱ्या रोगांचा. कुंता प्रत्येक प्रश्नाला थांबत होती, खालच्या ओठाला बोट लावून बघत होती. वीस मिनिटांचं काम जेवणाच्या वेळेवर गेलं.

"हेच प्रश्न बाकी देशातल्या बायकाइलेही विचारून राहिले?"

"हो. याच आठवड्यात. जपान, ब्राझील, केनिया, जर्मनी. अगदी हेच शब्द, त्यांच्या भाषेत."

"म्हंजे आता ह्या टायमाले ब्राझीलमधे एक बाई अशीच खुर्चीत बसली असल?"

"तिकडे आता पहाट असेल."

"मंग झोपली असल बिचारी. उठली की सांगल." कुंताला त्या बाईचं फार अप्रूप वाटलं. तिलाही चुलीवर काही ठेवलेलं असेल, तिचाही नवरा बाहेर येरझारा घालत असेल. "तिनं काय सांगतलं ते मले कळल का?"

"अहवाल आला की. पुढचा प्रश्न घेऊ? तुम्ही राहता तिथल्या हवेतलं प्रदूषण. किती काळजी वाटते?"

कुंतानं अंगणाकडे पाहिलं.

आता जियालाल राइस मिलबद्दल सांगायला हवं. मिल घराला लागून होती. धान भरडलं की तांदूळ पोत्यात पडायचा आणि वरचं तूस पंख्याच्या जोरानं एका जाड पाइपातून बाहेर फेकलं जायचं. पाइपाचं तोंड गल्लीकडे होतं. तूस ढिगावर पडायचं, पण त्याची बारीक, खाजरी कूस उडायची ती वाऱ्याला वाटेल तिकडे. तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, शेजारच्या सुशीलाबाईंच्या कोहळ्याच्या वड्यांवर, तान्ह्या पोरांच्या डोळ्यांत. हिवाळाभर गल्लीतली माणसं अंग खाजवत चालायची. पण कोणी कधी बोललं नव्हतं. मिल गावात एकच, आणि धान सगळ्यांकडे.

"लय," कुंता म्हणाली.

"थोडी! थोडी लिहा!" भिंतीपलीकडून आवाज आला.

"साहेब, प्लीज," रुचि म्हणाली.

"लयच लिह," कुंता म्हणाली आणि आता तिला ते नेहमीचं हसू सुटायला लागलं.

"याला सगळ्यात जास्त जबाबदार कोण, असं तुम्हाला वाटतं? सरकार, कारखाने, वाहनं, की सामान्य लोक?"

"नाव सांगू?"

"नाव लागत नाही, ताई."

"लागत नसल तरी सांगतो. पण आमच्यात नवऱ्याचं नाव असं सरळ घेत नाहीत." कुंतानं पदर सारखा केला, ताठ बसली आणि हळदीकुंकवाला घेतात तसा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात उखाणा घेतला:

"तुळशीच्या पानावर तुसाची धूळ,
जियालालरावाची मिल हेच सगळ्याचं मूळ!"

अंगणाच्या कुडापलीकडे स्फोट झाला. सुशीलाबाई, म्हातारी अनुसयामाय आणि गल्लीतल्या आणखी बऱ्याच बायका, सर्व्हे कसा असतो ते पाहायला, कुडाच्या फटींना डोळे लावून केव्हापासून उभ्या होत्या. त्या एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या, त्यात कुडाचा एक कोपरा पडला आणि अनुसयामाय अंगणात आत आली ती हसतच. कुंता खुर्चीतून घसरून जमिनीवर बसली. रुचिला नियमाप्रमाणे हसता येत नव्हतं. तिनं कागदांत तोंड घातलं आणि तिचे खांदे हलू लागले.

संध्याकाळपर्यंत उखाणा टपरीवर पोचला. जियालालभाऊ चहाला गेले तर कोणीतरी "तुळशीच्या पानावर" एवढंच म्हणालं, आणि बाकीच्यांनी चहा सांडला.

घरी येऊन त्यांनी जेवण केलं नाही. मग केलं. मग म्हणाले, "तू जगात माह्यी बदनामी केली."

"जगात तुमाले कोण ओळखते? नाव लिहिलं नाही त्या पोरीनं. कारखान्यावर खूण केली."

"गावात तं केली! अन् गावाले काही तरास नाही. वीस वर्षं झाली मिलले, एका माणसानं तोंड उघडलं का? जाय, विचार साऱ्या गावाले. तुह्या म्याडमसारखं विचार. गावानं 'लय' म्हटलं तं मी पाइप फिरवतो. नाही म्हटलं तं तू टपरीवर येऊन माह्या नावाचा चांगला उखाणा घेजो."

कुंतानं त्यांच्याकडे पाहिलं. ते रागानं बोलले होते, पण शब्द देऊन बसले होते.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भांडी आटोपून ती निघाली. रुचि करत होती तसंच करायचं तिनं ठरवलं. समजावून सांगायचं नाही, फक्त परत विचारायचं. पहिल्या घरी तिनं विचारलं, "मिलच्या भुशाची तुमाले किती काळजी वाटते? लय, थोडी, का बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही वयनी! बसा ना, च्या ठेवतो."

दुसऱ्या घरी बिलकुल नाही. तिसऱ्या घरी एका बाईच्या केसांत तूस अडकलेलं होतं, ती ते काढता काढता म्हणाली, "भुसा? कोणचा भुसा?" काल कुडापलीकडे हसता हसता पडलेल्या सुशीलाबाईसुद्धा म्हणाल्या, "आता तसं थोडं असते, पण काळजी कायची?" कुंता चक्रावली. चार आळ्या फिरून तिच्या पोटात चहाच चहा झाला आणि मोहटोल्यात हवा महाबळेश्वरासारखी असल्याचं निघालं.

अनुसयामायच्या घरी ती पायरीवरच बसली. "माय, सारं गाव खोटं काऊन बोलून राहिलं?"

"तू कोणाची बायको होस?" अनुसयामायनं विचारलं. तिच्या तोंडात दात नव्हते पण शब्द टणक होते. "मिलवाल्याची. तुह्या तोंडावर कोण सांगल? उद्या त्याईचं धान कोण भरडून देईल? पोरगी, ती म्याडम परक्या गावची होती म्हणून तू बोलली. तिच्या ठिकाणी तुह्यी नणंद असती तं बोलली असती का?"

कुंता नाही म्हणाली. नणंदेच्या आठवणीनं तिला पुन्हा हसू आलं, पण मुद्दा पटला. कोण काय म्हणालं हे कोणालाच कळायला नको. तिलाही नको.

मग दोघींनी मिळून ठरवलं. सुशीलाबाईंच्या रिकाम्या गोठ्यात पितळी गुंज, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, ठेवायचा, त्याच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि फडक्याला हात जाईल एवढं भोक. दारात प्रत्येकाला तीन दाणे द्यायचे. लाखोळी डाळीचा म्हणजे लय. तुरीचा म्हणजे थोडी. धानाचा म्हणजे बिलकुल नाही. एकट्यानं आत जायचं, एक दाणा गुंजात टाकायचा, उरलेले दोन घेऊन बाहेर यायचं.

दवंडी द्यावी लागली नाही. रविवारी सकाळपासून गोठ्यासमोर जत्रा भरली. ठेवणीतली लुगडी निघाली. एका बाईनं भजी तळायला घेतली. ग्रामपंचायतीच्या मतदानाला बोलावून आणावे लागणारे लोक आज कडेवर लेकरं घेऊन रांगेत उभे होते. रांगेत दुसरा विषय नव्हता, जग एके जग.

"ओझोनले भोक पडलं म्हंते."

"कुठं?"

"वर. टिव्हीत दाखवलं."

"मंग बुजवत काऊन नाहीत?"

"तेच तं विचारून राहिले ना साऱ्या देशात!"

"जपानमधेही असाच गुंज ठेवला असल का?"

"त्याईचा स्टीलचा असल."

कुंता दारात सूप मांडीवर घेऊन बसली होती. दाणे देता देता ती दर वेळी तेच वाक्य म्हणायची, न चुकता, न समजावता. एका आजोबांनी तिन्ही दाणे तोंडात टाकले, त्यांना परत द्यावे लागले. कोणी दुसऱ्यांदा रांगेत लागलं की अनुसयामाय काठीनं बाजूला करायची, पण अनुसयामाय स्वतः चार वेळा "गुंज पाहून येतो" म्हणून आत जाऊन आली, त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मिलमधला बकाराम मान खाली घालून आला आणि मान खाली घालून गेला. सगळ्यात शेवटी जियालालभाऊ आले. पुन्हा तोच इस्त्रीचा बुशकोट. गर्दीनं वाट दिली. त्यांनी कुंताकडून तीन दाणे घेतले, तळहातावर सगळ्यांना दाखवले आणि आत गेले. आत त्यांना जरा वेळच लागला. बाहेर आले ते मिशीला पीळ देत.

"मोज आता," ते म्हणाले.

गुंज उचलायला गेले तर तो एका हाती उचलेना. दोघांनी मिळून बाहेर आणला. फडकं सोडलं आणि चटईवर ओतला, तर लाखोळीचा ढीग झाला. साधा ढीग नाही, दोन दिवस वरण पुरेल एवढा. मोहटोल्यात तितकी माणसं नव्हती. दवनीवाडा धरला तरी नव्हती.

जियालालभाऊ पोट धरून हसायला लागले. "हे गाव हाय का तालुका? अरे, मिलमधून तराजू आण रे बकाराम, मत जोखून पाहू!"

"मुठीनं कोणी टाकली?" कुंतानं विचारलं. तिचा चेहरा पडला होता.

अनुसयामायनं काठी टेकली. "म्या. मले लय म्हंजे लय वाटते. ते एका दाण्यात मावते का?"

गर्दीतून आणखी दोघीतिघींनी माना खाली घातल्या. त्यांनाही एका दाण्यात मावलं नव्हतं. हशा उसळला, भजीवाली कढई सोडून पाहायला आली, आणि जियालालभाऊंनी दोन्ही हात वर केले. "रद्द! सारं रद्द! कुंता, उखाणा तयार ठेव!"

कुंता चटईवर वाकली होती. ती हातानं ढीग पसरत होती, एकेक थर बाजूला सारत होती. लाखोळी, लाखोळी, मधेमधे तूर. तिनं सगळं पसरलं, सुपात घेऊन पाखडलं, परत पसरलं.

"थांबा," ती म्हणाली. "लाखोळी किती का असेना. ह्याच्यात धानाचा दाणा दाखवा."

बायका वाकल्या. पुरुष वाकले. जियालालभाऊही वाकले, पण जरा उशिरा. धानाचा दाणा नव्हता. एकसुद्धा.

"बिलकुल नाही म्हणणारा कोणीच नाही," कुंता सावकाश म्हणाली. "मूठ टाका का पायली टाका, नाही ते नाहीच ना?"

हे लोकांच्या डोक्यात शिरायला क्षणभर वेळ लागला. मग सगळ्यांच्या नजरा आधी बकारामकडे वळल्या. तो कावराबावरा झाला. "मालक, मी तूर टाकली. थोडी म्हणून. जास्त नाही, देवाशप्पथ."

मग नजरा जियालालभाऊंकडे वळल्या.

"मंग तुमी काय टाकलं, भाऊ?" मागून कोणीतरी विचारलं.

"मी... ते गुप्त असते," जियालालभाऊ म्हणाले.

"खिसा दाखव," अनुसयामाय म्हणाली. तिनं त्यांना नाळ कापल्यापासून पाहिलं होतं, त्यामुळे तिला नाही म्हणायची सोय नव्हती. जियालालभाऊंनी बुशकोटाच्या खिशात हात घातला, जरा चाचपडले आणि तळहात पुढे केला. उरलेले दोन दाणे होते. एक तुरीचा, एक धानाचा.

कुंता त्यांच्या तळहाताकडे पाहत राहिली. हसणं तिला सुचलंच नाही.

"काऊन?" तिनं हळूच विचारलं.

"आता काय सांगू," जियालालभाऊ खाली बघत म्हणाले. "धानच टाकायले गेलो होतो. आत गेलो तं अंधार, कोणी नाही, कोणी पाहून नाही राहिलं. उभा राहिलो. मले वाटलं, आता मले खरंच कोणी विचारून राहिलं. वीस वर्षं त्या मिलमधे बसतो मी. साऱ्यात जास्त भुसा तं माह्याच नाकात जाते. झोपलो तरी नाक..." आणि इथे त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग शिंकांची अशी माळ लागली की त्यांना पुढचं बोलताच येईना. ते हातानं 'थांबा, थांबा' करत शिंकत होते, आणि दर शिंकेला गाव जास्त हसत होतं, आणि शेवटी शिंकता शिंकता तेही हसायला लागले. कुंतानं पदरानं त्यांचं नाक पुसलं, साऱ्या गावासमोर. असं काही ती कधी करेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

शब्द दिला होता तो त्यांनी पाळला, पण सरळ पाळला असं नाही. पहिल्या दिवशी बकारामला शिडीवर चढवून पाइप गल्लीकडून तलावाकडे फिरवला. दुपारपर्यंत ढिवर मंडळी आली, जाळी खांद्यावर, नावांत तूस, आणि मासोळ्यांनाही खोकला झाल्याचं सांगून गेली. मग पाइप शेताकडे फिरवला, तर उत्तरेचा वारा सुटला आणि सगळं तूस उलटं फिरून जियालालभाऊंच्याच ओसरीत आलं. दोन्ही खुर्च्या पुरल्या गेल्या. कुंता म्हणाली, आता तुम्हीच ठरवा. ते म्हणाले, नाही, तूच सांग. ती म्हणाली, तुसाला खोली बांधा. माणसाला खोली लागते, बैलाला गोठा लागतो, तुसानं काय पाप केलं?

महिन्याभरात मिलच्या मागे विटांची उंच खोली उभी राहिली, वर पत्रे, झरोक्यांना बारीक जाळी, आणि पाइप सरळ तिच्या पोटात. खोली भरली की वीटभट्टीवाला ट्रॅक्टर घेऊन यायचा आणि तूस भरून न्यायचा. गल्लीतल्या लोकांना खाज सुटायची बंद झाली तरी कितीतरी दिवस ते सवयीनं अंग खाजवत चालत होते. सुशीलाबाईंनी त्या हंगामात एवढ्या वड्या घातल्या की त्यांचा नवरा वडीचं नाव काढलं की उठून जायचा.

होळीच्या सुमारास रुचि दुसऱ्या कामासाठी तालुक्याच्या गोरेगावकडे आली होती, ती वाट वाकडी करून मोहटोल्याला आली. येताना तिनं छापलेला एक तक्ता आणला होता. सगळे देश एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर रंगीत पट्टी. लाल म्हणजे खूप काळजी, मग नारिंगी, मग पिवळी.

तक्ता टपरीवर गेला. तिथून तो संध्याकाळपर्यंत परत आला नाही.

"हे लोक एवढे बिनघोर काऊन? त्याईच्याकडं गरम होत नाही का?"

"मिलवाल्यानं समोर बसून विचारलं असल त्याईले."

"बरोबर. गुंज ठेवाले पायजे होता."

"म्याडम, कंपनीले सांगा. ह्या साऱ्या देशाइले दाण्यानं परत विचारा."

रुचिनं सांगते म्हटलं, आणि ती गंभीरपणे म्हणाली की थट्टेनं, ते कोणाला कळलं नाही. कुंतानं ब्राझीलची पट्टी शोधायला लावली. लाल चांगली लांब होती. "लय म्हणाली वाटते ती," कुंता समाधानानं म्हणाली. मग भारताची ओळ सापडली, तिच्यावर तिनं बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्याच्यात मी कुठं हाओ?"

"इथे, लालमध्ये कुठेतरी," रुचि म्हणाली. "एवढीशी."

"एवढीशी का होईना," कुंता म्हणाली आणि तिनं अनुसयामायला हाक मारून ते लाल दाखवलं.

एव्हाना गोरेगावच्या बाजारात गुंजाची गोष्ट पोचली होती, आणि बाजारात पोचलेली गोष्ट थांबत नाही. भाजी घेता घेता अनोळखी बायका कुंताला अडवायच्या. आमच्याकडे दारूच्या दुकानाचं विचारायचं आहे. आमच्याकडे शाळेत पोरींसाठी संडास नाही. आमच्या तलावात लोक ट्रॅक्टर धुतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही, पण मनात सगळ्यांच्या आहे. तुम्ही येता का? कुंताला आधी वाटलं थट्टा करतात. मग एक दिवस त्या तलाववाल्या गावाचा माणूस थेट मिलमध्ये आला आणि त्यानं जियालालभाऊंना विचारलं, "बाईले पाठवाल का?"

"मले कायले विचारता?" जियालालभाऊ म्हणाले. "तिले विचारा." आणि लगेच, "पण घेऊन मीच येईन. रस्ता खराब हाय."

म्हणून एका सोमवारी ते दोघे मोटरसायकलवर निघाले, कुंता मागे, मांडीवर कपड्यात बांधलेला गुंज. दोन्हीकडे उन्हाळी धानाची हिरवीगार शेतं होती आणि वारा एवढा होता की बोलणं ओरडून करावं लागत होतं.

"मी एक दाणा टाकू का तिथं?" जियालालभाऊ ओरडले.

"तुमी त्या गावचे नाही!"

"पण तलावाबद्दल माह्यं मत हाय!"

"मले सांगा! मी ऐकतो!"

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि ते सांगण्याच्या भरात वळण चुकले. परत फिरून यावं लागलं.

शाळेच्या पटांगणात सारं गाव बसलं होतं. मंडप नव्हता, पण कोणी हौसेनं माइक लावला होता. सरपंचानं कुंताचं नाव घेतलं, 'नागपूरच्या सर्व्हेमध्ये काम केलेल्या' असं काहीतरी भलतंच सांगितलं आणि माइक तिच्या हातात दिला. कुंतानं आयुष्यात माइक धरला नव्हता. तिनं तोंड उघडलं, तिचा स्वतःचाच श्वास भोंग्यातून गावभर घुमला, आणि तिला हसू सुटलं. भोंग्यातून तिचं हसू तलावापलीकडच्या झाडांवर गेलं, तिथले बगळे उडाले. पुढच्या रांगेतल्या बायका हसायला लागल्या, मग मागच्या, मग कडेला विड्या ओढत उभे असलेले पुरुष. कशाला हसतो आहोत हे कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटी कुंतानं डोळे पुसले, माइक खाली ठेवला आणि साध्या आवाजात सांगितलं, "तीन दाणे भेटतील. एकच टाकाचा. मूठ नाही."

पहिली म्हातारी उठली, पदर खोचला आणि गुंज ठेवलेल्या वर्गाच्या दाराकडे चालायला लागली.